बाकीचे सहा कुठे?

सॅक्सोफोन वाजवणाऱ्याने स्वतःच्या नावाची रेकॉर्ड काढावी की नाही, यावर माझं आणि माझ्या मामाचं पटत नाही. मामा मनोरीचा. तरुणपणापासून बँडमध्ये आल्टो सॅक्स वाजवतो. मनोरी, गोराई, उत्तन, खाडीपलीकडे वसई, इथल्या आम्हा ईस्ट इंडियन लोकांच्या किती लग्नांत त्याचा सॅक्स वाजला असेल ते त्यालाही सांगता येणार नाही. मी जॅझ ऐकते आणि त्याच्यावर लिहिते. मार्व्याहून फेरीबोटीने पलीकडे गेलं की आमचं बोलणं दहा मिनिटांत संगीतावर येतं आणि पुढच्या दहा मिनिटांत वादावर.

या वेळी कारण झालं 'रागा रॉक'. १९७० साली निघालेली ही रेकॉर्ड. गोव्याच्या ब्राझ गोन्साल्विसने स्वतःच्या नावाचा बँड बांधून सॅक्सोफोनवर राग आणि जॅझ यांची गाठ घातली. हिंदुस्थानातल्या जॅझवाल्याने इथल्या मातीतलं काही घेऊन, ते आपलं म्हणून, आपल्या नावाने तबकडीवर उतरवलं, अशा अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी हा एक. मला तो फार मोलाचा वाटतो. मामाने रेकॉर्ड शेवटपर्यंत ऐकली, मध्ये एकदाही बोलला नाही. मग त्याने बँडचं नाव विचारलं.

"ब्राझ गोन्साल्विस सेव्हन."

"म्हणजे सात जण. एकाचं नाव कळलं. बाकीचे सहा कुठे?"

त्यानंतरचं बोलणं इथे मांडते. मामाची बाजू त्याच्याच जोराने यावी असा प्रयत्न केला आहे.

मी : जॅझमध्ये ती रीतच आहे, मामा. बँडला पुढच्या माणसाचं नाव आणि त्यापुढे आकडा.

मामा : रीत आमच्याकडेही तीच. बँड मास्टरच्या नावाने ओळखतात. पण मघाशी तू म्हणालीस, रेकॉर्ड निघाली की वाजवणाऱ्याचं नाव राहतं. इथे एकाचं राहिलं आणि सहांचा आकडा राहिला.

मी : एकाचं तरी राहिलं. ब्राझच्या सासऱ्याचं, चिक चॉकलेटचं बघ. सी. रामचंद्रांचा 'अलबेला' १९५१ चा. त्यातली गाणी तू अजून वरातीत वाजवतोस. पुणतांब्याच्या या मराठी माणसाच्या चालींत ती पाश्चात्त्य उसळी आली, त्यात चिक चॉकलेटचा मोठा वाटा. तो त्या चित्रपटात आपल्या बँडसह पडद्यावर दिसतोसुद्धा. गोव्याच्या हळदोण्याचा अन्तोनियो झेवियर वाझ. वरातीत नाचणाऱ्यांपैकी किती जणांना हे नाव ठाऊक आहे? ब्राझ त्याचा जावई.

मामा : नाव ठाऊक नसेल, पण पाय तर नाचतात ना. मला सांग, वाजवणाऱ्याला काय हवं असतं?

मी : दोन्ही.

मामा : दोन्ही मिळत नाहीत, बाय. 'काश्मीर की कली'त शम्मी कपूर नशेत गातो, ते गाणं घे. ओ. पी. नय्यरचं. त्यात रफीच्या आवाजाला सॅक्स जो जाब देतो, तो मी मुलगा असताना तोंडाने वाजवत फिरायचो. वाजवणारा मनोहारी सिंग, हे मला कधी कळलं? मीच सॅक्स हातात धरल्यावर. तोवर तो सूर माझ्यात मुरला होता. त्याचं नाव मला आधी कळलं असतं तर सूर जास्त मुरला असता का?

या प्रश्नाला माझ्याकडे झटपट उत्तर नव्हतं. मनोहारी सिंग १९५८ साली कलकत्त्याहून मुंबईत आले आणि पुढची कित्येक वर्षं हिंदी गाण्यातला सॅक्स म्हणजे बहुतेक वेळा तेच. १९६४ चा 'काश्मीर की कली', १९६५ चा 'आरझू'. ज्यांनी आयुष्यात जॅझचा कार्यक्रम ऐकला नाही, त्यांच्याही कानात सॅक्सचा आवाज पक्का बसला तो अशा गाण्यांनी. एखादा वादक लाखो घरांत पोचतो आणि त्या घरांत त्याला कोणी ओळखत नाही, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते. मामाला ती वाटत नाही. आमच्यातला खरा फरक इथे आहे.

मी : 'महल' १९४९ चा. त्याच्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचं नाव काय छापलं होतं माहीत आहे? कामिनी. पडद्यावरच्या पात्राचं नाव. गाणारी लता मंगेशकर. लोकांनी रेडिओला विचारून विचारून हैराण केलं, लताबाईंनी स्वतः आग्रह धरला, तेव्हा गाणाऱ्यांची नावं येऊ लागली. लताचं नाव झाकता येत होतं, तिथे सॅक्सवाल्याची काय कथा? आणि त्याच्यासाठी रेडिओला पत्र लिहायला कोणीच नव्हतं. म्हणून त्याने स्वतःच आपली रेकॉर्ड काढायची. दुसऱ्याच्या गाण्यातला तुकडा म्हणून नाही, सबंध.

मामा : सबंध म्हणजे स्टुडिओत बसून?

मी : स्टुडिओत.

मामा : तिथेच तर घोटाळा आहे. सॅक्स झालाच उघड्यावर वाजायला.

यात मामाचं म्हणणं इतिहासालाही धरून आहे. अडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराने पॅरिसमध्ये १८४६ साली सॅक्सोफोनचं पेटंट घेतलं, आणि त्याची धडपड होती ती लष्करी बँडांसाठी. उघड्या मैदानावर लाकडी वाद्यं ऐकू येत नव्हती आणि पितळी वाद्यांना लाकडाचा मऊपणा नव्हता. पितळेचं अंग आणि तोंडाशी वेताची रीड, या जोडणीने त्याने दोन्ही साधलं. जॅझ जन्माला यायला तेव्हा अर्धं शतक बाकी होतं. म्हणजे बँडवाल्यांकडे सॅक्स जॅझमधून आला नाही. जॅझकडेच तो बँडमधून गेला. जॉन कोल्ट्रेनसुद्धा तरुणपणी नौदलाच्या बँडमध्ये वाजवत होता.

मामाचा सॅक्स मी लहानपणापासून पाहते आहे. मनोरीच्या हवेत मीठ आहे. वाळत घातलेल्या बोंबलांना ती हवा मानवते, सॅक्सच्या स्प्रिंगांना नाही. पावसाळ्यात कींखालची चामड्याची पॅडं फुगतात, भोकं नीट झाकत नाहीत, खालचे सूर फुटतात. वाजवून झालं की मामा आतून फडकं ओढून ओल काढतो, रीड सोडवून सपाट ठेवतो. रीडही तो जरा कडक वापरतो, कारण त्याला भिंती नसलेल्या जागी सूर लांबवर न्यायचा असतो. स्टुडिओत मायक्रोफोन सॅक्सच्या तोंडापासून हातभर अंतरावर असतो. तिथे श्वास, ओठांची हालचाल, कीचा खटका, सगळं ऐकू येतं. तिथे हळू वाजवता येतं. उघड्यावर हळू वाजवलेलं वारा घेऊन जातो.

मामा : उंबराच्या पाण्याला मी वाजवतो. लग्नाच्या आदल्या दिवशी बायका विहिरीवर पाणी आणायला निघतात, बँड बरोबर. चालताना वाजवायचं, खड्डा बघायचा, बायकांचा पाय बघायचा. म्हातारी मागे पडली तर लय जरा धरून ठेवायची. ती चाल दर वेळी वेगळी होते. कधी दोन फेऱ्यांत विहीर येते, कधी दहांत. तुझ्या जॅझमध्ये यालाच मोठं म्हणतात ना, दर वेळी नवं वाजवणं? मग ते एकदा वाजवून तबकडीत कायमचं अडकवायचं कशाला?

मी : कारण न अडकवलेलं उरत नाही. १९३५ साली लिऑन ॲबीचा अमेरिकन बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. तिथून मुंबईत जॅझने जे मूळ धरलं, त्यात गोव्याचे कितीतरी वादक घडले. रात्री हॉटेलात जॅझ, दिवसा स्टुडिओत सिनेमा. मग दारूबंदी आली, क्लब सुने पडले, बरेच जण कलकत्त्याला पार्क स्ट्रीटच्या हॉटेलांत गेले. ब्राझही तिथे पॅम क्रेनसारख्या गायिकेबरोबर वाजवत असे. एवढ्या सगळ्या रात्रींपैकी आज ऐकायला काय आहे? थोड्या तबकड्या, बाजूला तीन मिनिटं, आणि बहुतेक चाली न्यूयॉर्क-लंडनच्या. त्या रात्री जे नवं वाजलं असेल, ते गेलं.

मामा : जाऊ दे ना. ज्यांनी ऐकलं त्यांनी ऐकलं.

मी : मी नाही ऐकलं! मी जन्मले नव्हते. मलाही ते ऐकायचा हक्क आहे.

मी आवाज चढवला हे खरं. मामाने तो चढू दिला, मग शांतपणे विचारलं की तबकडी झाल्यावर त्या माणसाचं पुढे काय होतं. मी त्याला कोलमन हॉकिन्सबद्दल सांगितलं. ऑक्टोबर १९३९ मध्ये त्याने टेनर सॅक्सवर 'बॉडी अँड सोल' वाजवलं. मूळ चाल सुरुवातीला जेमतेम दिसते, पुढे सगळं त्याने त्या क्षणी रचलेलं. सॅक्सवाले आजही ते तीन मिनिटांचं वादन पाठ करतात. लोक मग हॉकिन्सकडे तेच वाजवायची फर्माईश करू लागले, तस्सं.

मामा : बघ. सुटं वाजवणारा माणूस, त्याला स्वतःचीच नक्कल करायला लावली.

मी : पण त्याच तबकडीतून पुढच्या पिढीला कळलं की सॅक्सवर एवढं करता येतं. एकाचं थोडं स्वातंत्र्य गेलं, शंभरांना मिळालं.

मामा : हा हिशेब शंभरांनी केला. त्या एकाला विचारलं का?

सनी रॉलिन्सचा विषय मीच काढला, आणि मामाने तो आपल्याकडे वळवून घेतला. रॉलिन्स म्हणजे टेनर सॅक्सचा हयातीतच दंतकथा झालेला माणूस. नाव शिखरावर असताना १९५९ मध्ये त्याने जाहीर वादन थांबवलं आणि दोनेक वर्षं न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन एकट्याने सराव केला. साठचं दशक संपता संपता पुन्हा थांबला, आणि या वेळी आला थेट आपल्या उपनगरात. पवईच्या आश्रमात राहून तो योग आणि ध्यान शिकला. मनोरीहून पवई काही दूर नाही.

मामा : पवईला? आणि वाजवायला नाही आला?

मी : शिकायला आला.

मामा : मग तोच खरा शहाणा. रेकॉर्डी काढून काढून त्याला कळलं की आपलं काही हरवतं आहे.

मी : अर्धी गोष्ट ऐकू नकोस. पुलावरून परतल्यावर त्याने १९६२ मध्ये रेकॉर्ड काढली, तिचं नावच 'द ब्रिज'. पवईनंतर १९७२ मध्ये पुन्हा काढली. आणि १९७८ मध्ये मुंबईत पहिली जॅझ यात्रा झाली तेव्हा रॉलिन्स इथे वाजवायला आला. मौन धरलं ते पुढच्या सुरासाठी. आणि तो सूर त्याने आपल्यापाशी ठेवला नाही, दिला.

मामाने मान हलवली. तो पटल्यावरही अशीच हलवतो आणि न पटल्यावरही.

'रागा रॉक' या नावावर त्याचा आणखी एक आक्षेप होता. रागाला मींड लागते. सॅक्सला की असतात, सूर एकेक करून पडतो. मग राग कसला, नाव परदेशी गिऱ्हाइकासाठी ठेवलेलं. मी म्हटलं, मींड ओठांनी आणि जबड्याने काढता येते, तू लग्नातल्या गाण्यात रोज काढतोस. कद्री गोपालनाथांनी तर म्हैसूरच्या राजवाड्यातल्या बँडमध्ये सॅक्स ऐकला, त्याचा ध्यास घेतला, वाद्यात आपल्या गरजेप्रमाणे फेरफार केले आणि अख्खं कर्नाटक संगीत त्यावर आणलं. १९८० च्या जॅझ यात्रेत अमेरिकन सॅक्सवादक जॉन हँडीने त्यांना ऐकलं आणि आपल्याबरोबर वाजवायला बोलावलं. बँडमध्ये ऐकला, हे मामाने लगेच उचललं. उचलू दे. ते खरंच आहे.

नावाचं म्हणाल तर त्याचा प्रवास मला थक्क करतो. कोल्ट्रेन रविशंकरांची सतार ऐकून भारावला. त्याने १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये 'इंडिया' वाजवलं. पुढे मुलाचं नावही रवी ठेवलं. त्या 'इंडिया'ची छाप घेऊन बर्ड्‌स या अमेरिकन रॉक बँडने १९६६ मध्ये 'एट माइल्स हाय' केलं आणि त्याच वर्षी अशा संगीताला 'रागा रॉक' म्हणू लागले. चार वर्षांनी तेच शब्द एका गोव्याच्या माणसाच्या रेकॉर्डवर आले. सतारीतून सॅक्सकडे, सॅक्सकडून गिटारकडे आणि तिथून परत आपल्या सॅक्सकडे. ब्राझने फॅशनच्या मागे धावून नाव घेतलं असेलही. पण ज्या सुरांवर त्याचा जन्मसिद्ध हक्क होता, ते अमेरिकेहून फिरून येईपर्यंत त्याला कोणी वाजवू दिले नव्हते. हॉटेलात नाचाची गाणी हवी होती, स्टुडिओत संगीतकाराने लिहिलेला तुकडा. स्वतःच्या नावाच्या रेकॉर्डवर पहिल्यांदा त्याला कोणी सांगणारं नव्हतं. पहिल्या रेकॉर्डचं मोल मी यातच मानते. कोल्ट्रेनचंही तसंच. माइल्स डेव्हिससारख्याच्या बँडमध्ये नावाजला गेला, तरी स्वतःच्या नावाची पहिली रेकॉर्ड मे १९५७ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी झाली.

मामा : तू सारखी नावावर येतेस.

मी : कारण नावाशिवाय मोजत नाहीत. आपणच बघ ना. १८८७ साली आपल्या लोकांनी व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी ईस्ट इंडियन हे नाव घेतलं. का घेतलं? आपण इथले, साष्टीचे, वसईचे मूळचे, हे सरकारदरबारी ठरावं म्हणून. बाहेरून नोकरीला आलेल्या ख्रिस्ती लोकांत आपण विरून जाऊ नये म्हणून. शेती होती, मच्छी होती, चर्च होतं, गाणी होती, सगळं आधीपासून होतं. तरी नाव घ्यावं लागलं.

मामा : ते नाव सगळ्यांनी मिळून घेतलं. एकट्याने नाही.

हे वाक्य मला लागलं, आणि आजही मी त्याच्याशी झगडते आहे. जॅझच्या रेकॉर्डचा सगळा डोलारा एका नावावर उभा असतो. ब्राझ गोन्साल्विस, कोल्ट्रेन, रॉलिन्स. पण ड्रमवाल्याने लय एक केसभर मागे धरली म्हणून सॅक्स मोकळा सुटतो. पियानोवाल्याने एक सूर सोडून दिला म्हणून सॅक्सला तो घेता येतो. ही देवघेव ऐकायला आली नाही तर जॅझ ऐकलंच नाही. कायद्याने १९९४ च्या दुरुस्तीपासून वादकालाही कलाकार म्हणून स्वतःचा हक्क दिला आहे. मागे बसलेल्या ड्रमवाल्यालाही. तो हक्क किती जणांपर्यंत पोचतो हे मामाच्या बँडमधल्या कोणालाही विचारा. तरीही माझं मत बदललेलं नाही. सात नावं छापा, जरूर छापा, पण छापा. कोणाचंच नको, हा मामाचा उपाय मला मान्य नाही. त्या वाटेने शेवटी फक्त कंपनीचं नाव उरतं.

म्हणून मी त्याला सरळ विचारलं.

मी : तुझ्या बँडची रेकॉर्ड काढू या. आता कंपनीच्या दारात जावं लागत नाही. मालाडला, अंधेरीला स्टुडिओ आहेत. लग्नाचा हंगाम संपला की दोन दिवस द्या.

मामा : सॅक्सवाल्याच्या नावाची नाही काढायची.

मी : बरं. बँडची.

मामा : ढोलवाल्याचं नाव पहिलं. तो थांबला की आम्ही सगळे थांबतो.

मी : छापू.

मामा : आणि बसून नाही वाजवणार. चालत वाजवणार, रस्त्यावर.

मी : चालत वाजवलंत तर प्रत्येक वाद्य वेगळं धरता येत नाही. वारा येईल, मोटारसायकल येईल, कुत्रं भुंकेल.

मामा : मग ते येऊ दे. ते नसलेलं आमचं वाजवणं तू कधी ऐकलंस?

इथे आम्ही बराच वेळ अडलो. मला स्वच्छ ध्वनी हवा होता, कारण सॅक्सचा खालचा सूर, मामाचा तो घोगरा, उबदार सूर, रस्त्यावर कधीच पुरता ऐकू आलेला नाही. तो जगाला एकदा ऐकू यावा असं मला मनापासून वाटतं. मामाला वाटतं की तो सूर रस्त्यासाठीच आहे आणि जेवढा ऐकू येतो तेवढाच त्याचा. शेवटी अर्ध्या चाली आत, अर्ध्या बाहेर, इतपत तो आला. मग मी वही काढून चालींची यादी करू लागले. उंबराच्या पाण्याची चाल पहिली घेतली आणि तिच्यापुढे लिहिलं : पारंपरिक, मनोरी.

मामा : ते खोड.

मी : का? पारंपरिकच तर आहे.

मामा : मनोरीची नाही ती. माझ्या बापाने ती गोराईहून आणली. तिथल्या बायका गात होत्या, त्याने ऐकून क्लॅरिनेटवर बसवली. मधला तुकडा तेवढा त्याचा आहे, तो आमचा लिही.

मी : मग गोराई लिहू?

मामा : असं नको लिहू. आधी तिकडे जा, ज्या अजून गातात त्यांना भेट, कोणाकडून शिकल्या ते विचार. त्या सांगतील ते नाव लाव. मग छाप.